आरशात दिसेनाशी झाली की

नवरा-बायकोचं खरं कसं चाललंय, ते आमच्या तळावर गाडी मागे घेताना कळतं. नवरा पुढे ट्रकमध्ये, त्याला जोडलेला घराएवढा ट्रेलर, आणि ट्रेलरच्याही मागे बायको उभी राहून हात हलवणार. मग "डावीकडे म्हटलं ना!" "कुणाच्या डावीकडे?" सुरू. बाकीचे लोक खुर्च्या टाकून बघत बसतात. नेब्रास्कातल्या या एवढ्याशा गावात दुसरी करमणूक तरी काय आहे? धान्याचं एक कोठार, पाण्याची टाकी, आणि टाकीमागे ट्रेलरवाल्यांच्या मुक्कामाचा हा तळ. प्रत्येक जागेला एक नळ, एक विजेचा खांब. मी जोलीन, इथली राखणदारीण. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असेल. तळ स्वच्छ आहे की नाही?

डेलबर्ट आणि इलोइज मात्र कधी भांडले नाहीत. घर विकून ट्रेलरमध्येच राहणारी ही म्हातारी जोडी थंडीआधी दक्षिणेकडे जाताना दर ऑक्टोबरात आमच्याकडे मुक्काम करायची. इलोइज मागे उभी राही, दोन्ही हात वर करून बोटांनी बोलावत राही, आणि तो अवाढव्य डबा लोण्यात सुरी जावी तसा जागेत शिरे.

"आमचा नियम एकच," डेलबर्टने मला मागे कधीतरी सांगितलं होतं. "बाईसाहेब आरशात दिसतायत तोवर मागे जायचं. दिसेनाशा झाल्या की ब्रेक. उतरायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. फांदी बघत असेल, दगड बाजूला करत असेल. परत दिसतेच."

"आणि नाही दिसली तर?"

"अगं, जाईल कुठे मला सोडून?"

या खेपेला ट्रक माझ्या खोलीपाशी थांबला. इलोइज खाली उतरली तेव्हा तिच्या कोटाची बटणं वरखाली लागलेली होती. "तू टपालवाली ना?" तिने मला विचारलं. मी हसून "हो" म्हटलं.

तिला जरा पुढे चालू देऊन डेलबर्ट हळू आवाजात बोलला. "आमच्या लेकीने, रोंडाने, ओमाहा शहरात विसरणाऱ्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था बघितलीय. तिथे फक्त इलोइजलाच ठेवतात, मला नाही. मी पोरीला सांगितलं, नावं विसरते ना? मीही विसरतो. पण तिचे हात विसरलेले नाहीत. ज्या दिवशी तुझी आई मला ट्रेलर लावून देऊ शकणार नाही, त्या दिवशी मी स्वतः फोन करीन."

"जिद्दीला पेटून कुणाचं भलं झालंय का?" मी म्हटलं.

"तू नळ बघ, जोलीन. आमचं आम्ही बघतो."

कोपऱ्यातल्या मोठ्या झाडाखालची जागा त्यांची ठरलेली. इलोइज मागे जाऊन उभी राहिली. हात वर झाले, आणि खरं सांगते, चेहरासुद्धा बदलला. ती पूर्वीचीच बाई होती. बोटं बोलावत होती, ट्रेलर सरकत होता. चला, म्हातारा खरं बोलतोय, म्हणून मी निर्धास्त झाले आणि पलीकडचा नळ थंडीत गोठू नये म्हणून त्याला चिंध्या गुंडाळायला बसले.

चिंध्या बांधून उठले, तरी ट्रक तिथेच. इंजिन चालू, ट्रेलर अर्धा रस्त्यावर, अर्धा गवतात. डेलबर्ट आरशात डोळे लावून शांत बसलेला.

"काय झालं रे?"

"काही नाही. ती दिसत नाहीये, म्हणून थांबलोय. फांदी बघत असेल."

मी मागे जाऊन पाहिलं. गवतात तिची लोकरी टोपी पडली होती. माणूस नव्हतं.

टोपी नेऊन मी त्याला दाखवली. तो उतरला तो पळतच सुटला, त्या वयात. तळापलीकडे रेल्वेचा रूळ आहे, त्याच्या पुढे ओढा. मालगाड्या इथे थांबत नाहीत. मी देवाला इतक्या वर्षांत हाक मारली नव्हती, ती तेव्हा मारली.

ती रुळाच्या अलीकडे सापडली. सगळ्यात शेवटच्या, कुणी न घेतलेल्या जागेत ती उभी होती. दोन्ही हात वर, बोटं थंडीने लालभडक, आणि समोर नुसतं गवत.

"ये, ये, अजून ये," ती म्हणत होती. गालांवरून पाणी वाहत होतं. मला पाहून म्हणाली, "तो येतच नाही बघ. मी केव्हाची हात करतेय."

डेलबर्ट धापा टाकत तिच्या समोर जाऊन उभा राहिला. "इलोइज, मी आलो गं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. अगदी अदबीने म्हणाली, "जरा बाजूला होता का? माझा नवरा गाडी मागे घेतोय."

तो बाजूला झाला.

त्या संध्याकाळी त्याने मला फोन लावून द्यायला सांगितलं. रोंडाशी तो एवढंच बोलला, "ये, पोरी." ट्रेलर तसाच तिरपा उभा होता. "मी मागे उभी राहते, नीट लावून घे," मी म्हटलं. "नको," तो म्हणाला. "राहू दे तिरपा."

दुसऱ्या दिवशी दुपारी रोंडा तिची गाडी घेऊन आली. आईला तिने पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. तिरप्या ट्रेलरमुळे वाट अरुंद झाली होती, गाडी मागे घेणं भाग होतं. तेव्हा डेलबर्ट गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. त्याला मागे उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. इलोइज तिच्या बाजूच्या आरशात टक लावून बसली होती. चेहरा शांत, जणू सगळं जिथल्या तिथे होतं.

गाडी मोकळी झाली आणि पुढे निघाली. तो हात वर करून तसाच उभा होता. मी फाटक धरून होते. रस्ता तिथेच वळतो. काच खाली होती, म्हणून मला ऐकू आलं.

"थांब! रोंडा, थांब! तो दिसत नाहीये!"

रोंडा रडत होती. तिने ब्रेक लावला नाही.