यायला पाहिजे ते उत्तर

कॉलेजात पहिला पेंटियम कॉम्प्युटर आला त्या वर्षी रंगनाथ सरांना दुसऱ्यांदा लग्न ठरल्यासारखं झालं होतं. फिजिक्सचं प्रॅक्टिकल सुटलं की सर त्याच्यापुढे. नाशकात तेव्हा लोकांना कॉम्प्युटर म्हणजे रेल्वेचं रिझर्व्हेशन. सरांनी मात्र त्याला शिकवायला घेतलं. पंधरा वर्षांतल्या मुलांची रीडिंगं, कुठल्यांवर सही झाली, कुठल्यांवर ‘पुन्हा करा’ पडलं, सगळं घास घास करून त्याच्या पोटात घातलं. आणि एक दिवस ते यंत्र आपल्या मनानं निवाडा करू लागलं.

“आता तुम्ही पण घरी बसा सर, मी पण बसतो,” लॅबमधले यादवमामा म्हणाले. मुलं हसली. सरही हसले, पण ऊर भरून आला होता.

पेठ तालुक्याच्या डोंगरातून शिकायला आलेली सविता तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. पेंड्युलम हलवायचा, स्टॉपवॉच लावायचं, पृथ्वीची ओढ, म्हणजे ‘जी’, काढायची. उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं. तिचं आलं नऊशे पंचावन्न. यंत्र म्हणालं, पुन्हा करा.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“सर, घड्याळात आलं तेच लिवलंय मी.”

“हात हलत असेल तुझा.”

“नाय हलत सर. तुम्ही उभं राहून बघा ना.”

बघायला हवं होतं. पण सर म्हणाले, “पंधरा वर्षांची मुलं एकीकडे आणि तू एकटी एकीकडे. यंत्राचं काय तुझ्याशी वैर आहे?”

मागून प्रॅक्टिकलमधला तिचा जोडीदार राजू कुजबुजला, “अगं, उलटीकडून ये की! आधी उत्तर धर, मग रीडिंग जमव. आम्ही काय वेगळं करतो?”

सरांच्या कानांवर ते पडलं. न ऐकल्यासारखं करायची त्यांना सवय होती. आपल्या काळात त्यांनीही असंच जमवलं होतं.

पुढच्या आठवड्यात सविताचं उत्तर आलं नऊशे एकोणऐंशी. यंत्रानं पास केलं. सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तिनं मान वर केली नाही. लाजली असेल, असं सरांनी धरलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सामान तपासताना सरांनी पेंड्युलमचं ते एकुलतं एक स्टॉपवॉच सहज रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी लावून पाहिलं. ते पुढे पळत होतं.

“मामा, हे कधीपासून?”

“त्ये व्हय? त्ये पहिल्यापासून उतावळंच हाय सर. पोरं घेत्यात जमवून.”

या घड्याळानं खरं मोजलं तर नऊशे ऐंशी येणारच नव्हतं. पंधरा वर्षांत सही झालेलं ते सगळं जमवलेलंच. जात्यात कोंडा घातला, कोंड्याचंच पीठ पडलं. जात्याला काय बोल लावायचा? एक लेक सुपात खरे दाणे घेऊन दारी आली होती, नेमकं तिलाच त्यांनी माघारी धाडलं.

यंत्राला शिकवलेलं सगळं त्यांनी त्याच दुपारी पुसून टाकलं.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. तिसऱ्या वर्षाच्या फिजिक्सला सविता नव्हती. तिनं बॉटनी घेतली होती. सरांनी तिला बॉटनीच्या व्हरांड्यात गाठलं. बरोबर दोन मैत्रिणी होत्या. तरी सर संकोचले नाहीत.

“सविता, तुझंच बरोबर होतं. घड्याळ पळत होतं, आणि मी बघितलं नाही. चूक माझी. परत ये, प्राचार्यांशी मी बोलतो.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हसली.

“वाटलंच होतं मला सर.”

“मग ये ना, पोरी.”

“नाय सर. काल इथं पानावरची बारीक छिद्रं मोजायला दिली होती. भिंगाला डोळा लावायच्या आधीच मी मॅडमना विचारलं, किती यायला पाहिजेत?”

मैत्रिणी खिदळल्या. सरांना हसता आलं नाही. “येते सर,” म्हणून ती आत गेली.