बाबारावांची तपासणी

"थांबव," बाबाराव म्हणाले आणि विनतानं लॅपटॉपचं बटण दाबलं. पितळी तुकडा उलटसुलट करणारे दोन हात पडद्यावर थबकले.

ती वडिलांकडे वळली. फिल्म उद्याच महोत्सवाला पाठवायची होती. नोकरी सोडून, लोकांची लग्नं शूट करत तिनं दोन वर्षांत ती उभी केली होती. फिल्म बाबांवरच होती, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत बत्तीस वर्षं तोफगोळे फोडणारे पितळी फ्यूज तपासणाऱ्या माणसावर. फक्त फिल्ममध्ये बाबा नव्हते. "माझं थोबाड काय दाखवते लोकांना?" म्हणून त्यांनी साफ नकार दिला होता. शेवटी तिनं शेजारच्या तुळशीरामकाकांना टेबलाशी बसवलं आणि हातात फ्यूजच्या जागी नळाची पितळी तोटी दिली. काका पोस्टातून रिटायर झालेले, पण उत्साह दांडगा.

विनताची एक खोड होती. समोरचं काम संपेपर्यंत ती कॅमेरा हलवायची नाही. तव्यावर पोळी पडली की ती फुगून उतरेपर्यंत बघत राहायचं. मित्र वैतागायचे. हे कुणाकडून शिकलीस, असं कुणी विचारलं तर ती परदेशी दिग्दर्शकांची चार नावं ठोकून द्यायची. खरं तर लहानपणी दर रविवारी बाबा ताटात तांदूळ निवडायचे आणि ती शेजारी बसून त्यांची नजर कुठे थांबते ते बघायची. हे चारचौघांत सांगायची तिला लाज वाटायची.

"हा माणूस घाई करून राहिला," बाबाराव म्हणाले. "याला तपासायचं नाहीये, दाखवायचं आहे. मी असा बसलो असतो ना, तर महिन्याभरात घरी पाठवलं असतं."

"मग कसं करायचं, बाबा?"

"अच्छा, आण ती तोटी."

त्यांनी ती आधी पाहिलीच नाही. तीन बोटांवर धरून नुसतं वजन घेतलं. मग आट्यांवरून सावकाश अंगठा फिरवला, एका जागी थांबले, परत मागे आले. विनतानं श्वास रोखून कॅमेरा उचलला. लाल दिवा लागला, तसा बाबारावांचा हात थांबला.

तिनं चटकन कॅमेरा खाली घेतला. "राहू दे, बाबा. चुकलं माझं."

आता बाबा उठून जाणार आणि काकांच्याच हातांची फिल्म पाठवावी लागणार, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

बाबारावांनी तोटी खाली ठेवली नाही. ते खुर्चीसकट खिडकीकडे सरकले, चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा चढवला.

"तिथं अंधारात काय दिसणार होतं तुला?" ते कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले. "चलो, घे आता. अन् रिजेक्ट वाटलं तर सांगजो, पुन्हा करतो."