मधमाश्या पहाटे येतात

बाबांना जाऊन महिना झाला आणि त्यांच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. वेलावर भोपळे धरत नव्हते. अंगठ्याएवढे होत, पिवळे पडत, गळून जात. मुलं विचारून विचारून भंडावून सोडतात, तुम्हीच येऊन काहीतरी सांगा, असं त्या म्हणाल्या.

बाबांना मुलं भोपळेसर म्हणत. शाळेमागच्या वाफ्यापाशी मुलांना गुडघ्यांवर बसवून ते नर फूल, मादी फूल दाखवत. मधमाशीच्या अंगाला पराग कसा चिकटतो ते समजावत. माशी नसेल तर तुमचं निम्मं ताट रिकामं, म्हणत. माशी मात्र दोन वर्षांत तिथे कुणी पाहिली नव्हती. शाळा उघडण्याआधी बाबाच जाऊन रंगाच्या ब्रशने एका फुलातला पराग दुसऱ्या फुलात लावून येत. मुलांना सांगत, माश्या पहाटे येऊन जातात, तेव्हा तुम्ही घोरत असता. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "यंदा येतील गं. तोवर धडा खोटा पडायला नको."

मी खरं सांगायचं ठरवूनच वर्गात गेले. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उठली.

"ताई, सर गेले म्हणून माश्या रुसल्या का?"

"रुसायला त्या काय तुझ्या आत्या आहेत?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. ती हसली नाही.

"सर खोटं नव्हते ना सांगत? पहाटे येतात ना त्या?"

"येतात," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहाला ब्रश घेऊन पोचले, तर वाफ्याभोवती नऊ मुलं उकिडवी बसलेली. शिपाईमामांना गळ घालून त्यांनी फाटक उघडायला लावलं होतं. मी ब्रश पर्समधून काढलाच नाही. त्यांच्यात जाऊन बसले. दोन मादी फुलं उमलली होती. कुणी शिंकलं की बाकीचे डोळे वटारत. एक मुंगी आली. सगळे तिच्याकडेच बराच वेळ पाहत राहिले. ऊन वर चढलं. घंटा झाली तेव्हा पाकळ्या मिटायला लागल्या होत्या.

मुलं गुडघे झटकत वर्गात गेली. वेण्यांची मुलगी मागे राहिली, माझी समजूत घालायला.

"ताई, आपल्यालाच उशीर झाला. उद्या अंधारातच येऊ."

अंधारात ते फूल मिटलेलं असतं. मी बरं म्हटलं.