आरशावरची तिसरी कादंबरी

“सात कादंबऱ्या लिहिल्या मी, पण एकीसाठीही प्रकाशकाच्या दारात उभा राहिलो नाही,” असं मास्तर छाती फुगवून सांगत, आणि समोरच्यानं मान डोलवायच्या आत स्वतःच पुस्ती जोडत, “राहिलो असतो तर त्यानं हाताला धरून रस्त्यापर्यंत पोचवलं असतं म्हणा.” मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत; शाळेशी त्यांचं चौथीतच बिनसलं होतं. ते टेलरमास्तर. नजर अधू झाल्यापासून कोट शिवणं त्यांनी सोडलं होतं, आता पँटी आखूड करणं आणि पडद्यांना दुमड घालणं तेवढं चाले, आणि उरलेल्या वेळात मशीनच्याच पाटावर कागद पसरून ते कादंबऱ्या लिहीत. कोपऱ्यावरच्या छापखान्यात त्या पदरमोड करून छापत आणि शिवलेल्या कपड्याच्या घडीत घालून गिऱ्हाइकाला देत, म्हणजे पुस्तक नको म्हणणाऱ्याला कपडाही सोडून जावा लागे.

लिहिण्याची रीतही त्यांची दुकानातलीच. गळ्याभोवती मापपट्टी टाकून ते गिऱ्हाइकाला बोलतं करत आणि मग तोच माणूस कादंबरीत उतरे, फक्त एखादी बाजू मुद्दाम सैल सोडलेली असे, कुणाचं नाक, कुणाचा चिकटपणा, कुणाचं बायकोला भिणं. “माप तुमचं, कापड माझं,” असं ते वर म्हणत. गल्ली ते चालवून घेई, कारण पुस्तकं कुणी फारशी उघडतच नसे. औषधवाल्यानं आपली प्रत टेबलाच्या पायाखाली सरकवली होती, आणि ते टेबल तेव्हापासून डुगडुगलं नाही हे मास्तर स्वतःच अभिमानानं सांगत.

एक वाचक मात्र त्यांना हवा होता आणि तो काही केल्या मिळत नव्हता. दुकानातली काज-बटणं जन्मभर बायकोनं केली होती, पण नवऱ्याच्या पहिल्या कादंबरीचं पहिलं पान वाचून तिनं जे पुस्तक मिटलं ते मिटलंच. “सगळ्यांची टिंगल करता,” ती म्हणाली होती, “पण एकाचं तरी नीट ऐकून घेतलंत का? ज्या दिवशी ऐकून लिहाल त्या दिवशी वाचीन.” मास्तर त्यावर हसले होते. रात्री अंथरुणावर मात्र हसू आलं नव्हतं, आणि ते वाक्य सातही कादंबऱ्यांभर त्यांना कॉलरमध्ये राहिलेल्या टाचणीसारखं टोचत राहिलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आगामी पुस्तकं जाहीर करायचा त्यांचा शिरस्ता होता. कपडा घालून बघायच्या उंच आरशावर, अगदी वरच्या बाजूला, ते कापडावर खुणा करायच्या खडूनं वर्षाचा बेत लिहीत, म्हणजे येणारा प्रत्येक जण स्वतःला न्याहाळताना तो वाचल्यावाचून सुटत नसे. शेवटचं नाव नेहमी थापेचं असे; ते पुस्तक कधी निघत नसे आणि वर्षअखेरीस मास्तर ते बाहीनं पुसून टाकत. यंदा पहिली होती रहस्यकथा, जिच्यात औषधवाला स्वतःच्याच खोकल्याच्या औषधानं मरणार होता. दुसरी पोस्टमन आणि त्याची सायकल यांची प्रेमकथा, सायकल अखेर दुसऱ्याबरोबर जाते. आणि तिसरी, ‘आभार’, जिच्यात कुणाचीही टिंगल नाही. हे वाचून गल्ली पोट धरधरून हसली. पोस्टमन तर म्हणाला, “मास्तर, ही मात्र तुमच्यानं व्हायची नाही.”

पहिल्या दोन्हींची मिळून जेमतेम दोन पानं लिहून झाली होती, तेव्हाची गोष्ट. पलीकडच्या घरातल्या शिक्षिकाबाई पडदा घेऊन आल्या, पण तो काउंटरवर न ठेवता छातीशी धरूनच उभ्या राहिल्या. “माझ्या बहिणीचं अगदी होतं तसंच लिहिलंत,” त्या म्हणाल्या. “मी बोलत होते आणि तुम्ही मध्ये एकदाही तोंड घातलं नाहीत. इतकं कुणी ऐकलं नव्हतं हो माझं. ‘आभार’ नाव शोभतं त्याला.”

मास्तरांना या बाईंना बहीण होती हेच ठाऊक नव्हतं. क्षणभर ते गोंधळले, आणि मग त्यांच्या मिशा आनंदानं थरथरल्या. म्हणजे इतकी वर्षं मार खाल्लेल्या गल्लीनं शेवटी एकजुटीनं उलटा डाव टाकला होता तर, आणि तोही किती झकास. आपल्या हाताखाली सगळे तयार झाले या कौतुकानं त्यांनी मान लववली, “बाई, तुमचीच कृपा,” असं म्हणाले, आणि पडद्याला दुप्पट मेहनतीनं दुमड घातली.

पण दुसऱ्या दिवशी औषधवाला आला. हा माणूस असा की विनोद सांगायला लागला तर ऐकणाराच त्याची समजूत घाली. त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. डोळे त्याचे भरले होते, आणि ते सोंग करणाऱ्याचे नव्हते. शेवटी म्हणाला, “टेबलाखालची पण काढली हो. आता सगळ्याच वाचणार.”

“अरे बाबा, मी ती लिहिलेलीच नाही,” मास्तर म्हणाले.

औषधवाला हसला, प्रेमानं. “‘मी हेच बोलेन’ असं म्हणाला होतात.”

“बघू तर खरी. जरा आण ना तुझी प्रत.”

“तेही सांगितलं होतंत. ‘मी मागितली तरी देऊ नको, मी थट्टा करून नासवीन.’”

इथे एरवी कुणी घाबरला असता. मास्तर खूश झाले होते हे कबूल करायला हवं. आयुष्यभर ज्यांच्या नाकावर ते जगले, ती माणसं रस्त्यात थांबून नमस्कार करू लागली, कुणी कपडा शिवायला नसतानाही नुसतंच दुकानात येऊन बसू लागलं, आणि पोस्टमननं, ज्याची सायकल पळून जायची होती, त्यानं पाऊस असताना आपली छत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजला. खोटं वाटेल, पण मास्तरांच्या मनात रोज संध्याकाळी कुणाचे तरी आभार मानावेत असं भरून येई, फक्त ते कुणाचे मानायचे एवढंच कळत नसे. लिहिलेली दोन पानं त्यांनी फाडून टाकली. पोस्टमनची सायकल पळवायला आता हात धजेना.

छापखानेवाला त्यांचा चौथीतला सोबती. त्याच्याकडे जाऊन मास्तरांनी आडून आडून विचारलं.

“तूच नाही का घेऊन आलास?” छापखानेवाला शाईचे हात पुसत म्हणाला. “आणि अक्षर काय रे ते, मोत्यासारखं! चौथीत कुठे लपवून ठेवलं होतंस? चहा घेतलास, पण निम्मा ठेवलास. मी हिला म्हटलं पण, मास्तर हल्ली फार शांत झाला. वाळलाय थोडा.”

मास्तरांनी खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. ते होतं तिथे होतं, आणि चहा निम्मा ठेवायची सवय त्याला कधीच नव्हती.

दुकानात परतून त्यांनी आरशावरचं तिसरं नाव बाहीनं पुसलं. सकाळी ते पुन्हा होतं. अक्षर त्यांच्याच वळणाचं होतं, फक्त त्यांच्या ओळी नेहमी उतरणीला लागत आणि ही सरळ होती, पट्टी लावून आखल्यासारखी. त्यांनी परत पुसायला हात उचलला, आणि मागे घेतला. कारण आदल्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला खिडकीशी वाचताना पाहिलं होतं.

ती शेवटच्या पानांवर होती. त्यांची चाहूल लागताच तिनं पुस्तक मिटून कुठंसं ठेवलं, डोळे पदरानं टिपले आणि म्हणाली, “बरं वाटलं हो. फार बरं वाटलं.” एवढंच. त्या दिवसापासून घर बदललं. वाढताना ती गुणगुणू लागली. खिडकीतल्या खुर्चीत तिनं नवी गादी घातली. मास्तर काही बोलायला लागले की पूर्वीसारखी कपाळाला आठी न घालता ती थांबून ऐके, जरा कौतुकानं, जरा वाट पाहिल्यासारखी, जणू याच्यापुढे ते आणखी काही चांगलं बोलणार आहेत. ते बोलत नसत. त्या पुस्तकात आपण तिच्याबद्दल काय लिहिलंय हे ठाऊक नसताना बोलणार तरी काय? तिच्या नकळत त्यांनी कपाटं, गाद्या, शिवणाची टोपली, सगळं धुंडाळलं. अखेर धीर करून मागितलंही.

“बजावलंय ना,” ती म्हणाली, “मागितलं तरी द्यायचं नाही म्हणून.”

वर्ष सरत आलं तशी मास्तरांना एकच गोष्ट सोसेना. गल्लीचे आभार फुकटात घेताना त्यांना कधी लाज वाटली नव्हती, पण बायकोच्या डोळ्यांतला हा नवा उजेड दुसऱ्याच्या मापाचा होता आणि ते तो घालून मिरवत होते. तिला खरं सांगावं, मग ती रागावो, हसो, पुन्हा आठी घालो. निदान जे मिळेल ते आपलं असेल. गल्लीत त्यांचं खरं कुणी खरं मानत नसे, पण ती मानी. थाप मारताना त्यांची डावी भुवई वर जाते हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं.

दिवेलागणीला ते घरी गेले तेव्हा ती खिडकीशी जमिनीवर बसून शिवत होती. मांडीवर त्यांचा करडा कोट होता, स्वतःसाठी शिवलेला शेवटचा, आणि ती त्याच्या खांद्यांच्या टिपा उसवून आत घेत होती. बोटभर तरी घेतलं होतं.

“अगं, हा मला कसा होईल आता?” मास्तर खुर्चीत टेकत म्हणाले. तिनं जन्मात कधी त्यांचं माप चुकवलं नव्हतं. खडूची खूण तिनं नखानं दाबून सरळ केली.

“एक सांगायचंय,” ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “ते ‘आभार’ मी लिहिलेलं नाही. थट्टा नाही करत. भुवई बघ माझी.”

तिनं मान वर करून खरंच भुवई पाहिली, अगदी मायेनं, जसं जुन्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. मग दातानं दोरा तोडला आणि कोट झटकला.

“तुम्ही लिहिलंत असं मला कुठे वाटलं होतं? बरं, तेवढं त्या खुर्चीतून उठा आता. ते येतीलच एवढ्यात, आणि कोट घालून बघायचा राहिलाय त्यांचा.”