नर्सबाईंच्या बातमीतली आडवी रेघ

मित्रांनो, मी छपाईसाठी जुळवतात तो एक जुना शिशाचा खिळा आहे. माझ्या डोक्यावर अक्षर नाही, नुसती एक आखूड आडवी रेघ आहे. दोन शब्द जोडायचे असले, किंवा ओळ संपली म्हणून एखादा शब्द तोडावा लागला, की मला मध्ये उभे करत. उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नबेक गावाचे साप्ताहिक ज्या छापखान्यात निघे, तिथे माझे आयुष्य गेले.

नवा होतो तेव्हा मी चांदीसारखा चकाकत असे. खिळे जुळवणारी नोरा ओल्डरॉइड मला चिमटीत धरून म्हणायची, "मुका आहेस बाबा, पण तुझ्यावाचून माझी ओळ धड बसत नाही." मालक थ्वेटसाहेबांना मात्र माझी किंमत नव्हती. झिजलेले खिळे बदला म्हटले, की ते म्हणत, "रेघेवाचून कुणाचं काय अडलंय?"

गावात विनिफ्रेड हेपवर्थ नावाच्या नर्सबाई होत्या. वारा असो, बर्फ असो, त्या सायकलवरून बाळंतिणींच्या घरी पोहोचत. गावच्या समितीशी असलेला त्यांच्या नोकरीचा करार संपत आला होता आणि त्या पुन्हा सही करणार होत्या. तीच बातमी छापायची होती.

इंग्रजीत 'साइन' म्हणजे सही करणे. त्याआधी 'री' लावून मध्ये मला उभे केले, तर अर्थ होतो पुन्हा सही करणे. मी नसलो, तर तीच अक्षरे 'रिझाइन' अशी वाचली जातात. म्हणजे राजीनामा देणे!

नोराने मला जागेवर बसवले. पण झिजून झिजून मी सैल झालो होतो. जुळवलेल्या ओळींचा साचा यंत्रावर चढवताना मी निसटलो आणि यंत्राखालच्या शाईत पडलो. शेजारची अक्षरे सरकून एकमेकांना चिकटली. मला ओरडता कुठे येते?

पेपर गावभर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नर्सबाई छापखान्यात आल्या.

"थ्वेटसाहेब, समितीला मी नको होते, तर तोंडावर सांगायचं. मी न दिलेला राजीनामा पेपरात कशाला छापायचा? मी सामान बांधलंय."

तेवढ्यात दार धाडकन उघडून म्हाताऱ्या मिसेस क्रॅबट्री आत शिरल्या. त्यांची सून एल्सी पोटुशी होती.

"सापडलात एकदाच्या! आमच्या एल्सीचे दिवस भरलेत आणि तुम्ही निघालात? आता बाळंतपणाला काय पोस्टमनला बोलावू?"

"मी कुठं निघाले? मला काढलंय!"

"कुणी सांगितलं?"

"पेपरात आलंय."

"मीसुद्धा पेपरातच वाचलं!"

हे ऐकताच नोरा धावत साच्याकडे गेली. "अगं बाई! इथली रेघ कुठं गेली?" तिने गुडघे टेकून यंत्राखाली हात घातला आणि मला बाहेर काढले.

नर्सबाई स्टुलावर बसल्या. "रात्रभर विचार करत होते, माझं चुकलं तरी काय," म्हणत त्या रडू लागल्या.

"पुसा ते डोळे," मिसेस क्रॅबट्रींनी आपला रुमाल पुढे केला. "नोरा, चहा टाक गं. आणि साहेबांना कोराच दे, त्यांना दूध परवडत नाही."

थ्वेटसाहेबांनी मान खाली घातली आणि त्याच दिवशी नवे खिळे मागवले.

लवकरच एल्सीला मुलगी झाली, नर्सबाईंच्याच हातून. नाव ठेवले मेबल-विनिफ्रेड. ती बातमी छापताना नोराने नवी रेघ न घेता मलाच पुसून, कागदाची पट्टी लावून घट्ट बसवले. मिसेस क्रॅबट्री जातीने उभ्या होत्या. "नीट आवळ गं, नाहीतर नातीचं निम्मं नाव जमिनीवर सांडायचं!" माझ्या एका बाजूला बाळ होते, दुसऱ्या बाजूला नर्सबाई. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे छापखाना बंद पडला. माझे सोबती वितळवले गेले. मी तेवढा नोराच्या घरी राहिलो.

मित्रांनो, लिहिलेले पाठवण्याआधी एकदा वाचत जा. इवल्याशा खुणेलाही जपा. आणि कुणाविषयी काही वाईट वाचलेत, तर आधी त्या माणसाला जाऊन विचारा. त्या सकाळी नर्सबाई विचारायला आल्या नसत्या, तर मुकाट्याने गाव सोडून गेल्या असत्या, आणि गाव म्हणत राहिले असते, 'बघा, कशी सोडून गेली!'