फरासानच्या बेटावरची चतुर्थी

"अहो आई, डायबेटिसची गोळी घेतलीत आणि खाल्लं काहीच नाही?" विद्या ओरडलीच. पण तोवर होडी फार लांब आली होती आणि मोबाइलची रेंज केव्हाच गेली होती.

"आज संकष्टी. गोळी सवयीनं घेतली गेली," दमयंतीबाई म्हणाल्या. "चंद्र बघेपर्यंत निर्जळी."

सासूबाईंचा नवस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! विद्याच्या नवऱ्याची, अनुरागची कंपनी गुंडाळायला आली होती. नवा कफील, म्हणजे व्हिसाची हमी घेणारा सौदी मालक, मिळाला नाही तर चंबूगबाळं आवरून नाशिक गाठायचं. लेकासाठी बोललेली ही शेवटची संकष्टी, आणि आजच त्याची जेद्द्यात मुलाखत. सहल आधीच ठरलेली, म्हणून या दोघीच आल्या होत्या.

होडीवाला वहाब तांबड्या समुद्रातल्या या फरासान बेटांवरचाच. एका ओसाड बेटावर त्यानं पोवळ्याच्या दगडांच्या पडक्या भिंती दाखवल्या. "हमारे परदादा का घर. इधर से मोती निकालते थे," तो अभिमानानं सांगत होता. दमयंतीबाई भिंतीच्या सावलीत मटकन बसल्या. अंगाला दरदरून घाम, हात लटलटा कापतायत.

"अनुराग, आलास का रे?" त्या वहाबकडे बघून पुटपुटल्या.

साखर पार उतरलीय, हे विद्यानं ओळखलं. दवाखाना मोठ्या बेटावर, तासाभराच्या अंतरावर. वहाब धावत जाऊन होडीतून खजूर आणि रसाचा डबा घेऊन आला. बाईंनी ओठ घट्ट मिटले.

"खजूर उपासाला चालतो, आई!"

"निर्जळी बोललेय मी. मोडलं तर माझ्या लेकाचं..." पुढचे शब्द जिभेवरच अडखळले.

जन्मभर उपासतापासांना हसणारी विद्या आता भडकली. "तुम्हाला काही झालं तर तुमच्या लेकाला मी काय तोंड दाखवू? एकीला झेपलं नाही तर घरातली दुसरी उपास पुढे नेते, तुम्हीच सांगता ना? द्या मला! चंद्र उगवेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही मी."

बाईंनी डोळे किलकिले केले. "सकाळी ऑम्लेट हाणलंस की."

इथे जीव चाललाय आणि बाईंना ऑम्लेट आठवतंय! विद्याला हसावं की रडावं कळेना.

"ते माझं आणि गणपतीचं आम्ही बघून घेऊ. तोंड उघडा!"

बाईंनी तोंड उघडलं. खजूर गेला, पाठोपाठ रस गेला. वहाब त्यांना वारा घालत राहिला. हळूहळू कापरं थांबलं. "विद्या, रडतेस कशाला?" त्यांनी विचारलं, आणि सासूनं ओळखल्याबरोबर ही ढसाढसा रडायला लागली.

परतताना ऊन नुसतं भाजून काढत होतं. विद्याच्या घशाला कोरड पडलेली. वहाबनं गार पाण्याची बाटली पुढे केली आणि तिचा हात आपोआप लांब झाला. दमयंतीबाईंनी तो मधेच धरला.

"इसको मत देना, भाई. इसका उपास है."

मग त्या सरकून तिला अगदी चिकटून बसल्या आणि मोठं बेट येईपर्यंत आपला पदर तिच्या डोक्यावर धरून राहिल्या.