डोळ्यावर पट्टी असतानाची बिले

एझ्रा कॉम्ब्ज खेचरावरून केंटकीच्या डोंगरांत हिंडून रुग्ण तपासत. त्यांचा मुलगा वायली याने खाणकामगारांसाठी दवाखाना उभारला. वायलीचा हॉबर्ट त्यात मरेपर्यंत राबला. हॉबर्टची मुलगी डॉक्टर लीथा. पाटीवरचे आडनाव हीच त्यांची खरी इस्टेट, आणि त्याला डाग लागल्याचे त्यांना कळले ते किराणा दुकानात, चारचौघांत.

"लीथाबाई," ऑर्व्हिल नेपियर म्हणाला, "विमा कंपनीचा कागद आलाय. मार्चमध्ये माझा गुडघा म्हणे तुम्ही तपासलात. मला तर ती नवी डॉक्टरीण आठवते. की म्हातारपणी मलाच माणसं ओळखू येईनात?"

मार्चमध्ये लीथाबाई डोळ्याचे ऑपरेशन करवून, पट्टी बांधून बहिणीकडे पडून होत्या. दुकानातून त्या तडक दवाखान्यात गेल्या. बिलांचे काम त्यांचा मुलगा गारलंड पाही.

"मार्चमध्ये मी कुणाकुणाला तपासलं रे?"

गारलंड वरमला. "आई, नव्या डॉक्टरणीची, टॅम्सिनची, विमा कंपनीकडची मंजुरी अडकलीय. ती नसली तर तिच्या नावाच्या बिलांचे पैसे कंपनी देत नाही. तोवर तिची बिलं तुझ्या नावानं धाडली. सगळेच करतात."

"सगळ्यांच्या दारावर तुझ्या पणजोबाचं नाव आहे का?"

"मग तिला काय नुसतं खुर्चीत बसवून ठेवू?"

"ठेवायचं होतंस! रोख देणारे रुग्ण द्यायचे होतेस. माझ्याशी बोलायचं होतंस. परक्या चोरानं निदान खिडकी तरी फोडली असती!"

दारात टॅम्सिन बॉग्ज उभी होती. "मंजुरी आली म्हणालास ना मला? म्हणजे इतके महिने मी इथं भूत होते?" तिने स्टेथोस्कोप टेबलावर आपटला. "चौकशी झाली तर माझा परवाना जाईल, गारलंड!"

"नाही जाणार," लीथाबाई म्हणाल्या आणि त्यांनी विमा कंपनीला फोन लावला. "मी डॉक्टर लीथा कॉम्ब्ज. आमच्या दवाखान्यानं तुम्हाला खोटी बिलं धाडली. डॉक्टर बॉग्जना याचा पत्ता नव्हता. लिहून घे, मुली. दंडही लिही."

"आई, बुडू आपण!"

"ऊठ. ती खुर्ची रिकामी कर. आणि हे फिटेपर्यंत रविवारी जेवायलाही येऊ नकोस."

कंपनीने दयामाया दाखवली नाही. लीथाबाईंनी ती मागितलीही नाही. नदीकाठची जमीन विकली. रुग्णांनी खिशातून भरलेला वाटा आधी परत केला, मग कंपनीचे हप्ते. मंजुरी आल्यावर टॅम्सिन पुन्हा रुग्ण पाहू लागली. प्रत्येक बिलावरचे नाव स्वतः वाचल्याशिवाय ते ती बाहेर जाऊ देत नसे.

तिसऱ्या वर्षी शेवटचा चेक लीथाबाईंनी गारलंडच्याच हाताने टपालात टाकवला.

"आता तरी रविवारी जेवायला येऊ का, आई?"

"पोच येऊ दे."

पोच आली. बाकी शून्य.